हॉलमधली खिचडी

जुनी सांगवी
१२ जानेवारी २०२५

सौ. तानूस,
सप्रेम जयभीम.

गेल्या रविवारी मी ताथवड्याला आलो, तर तू बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेलीस ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाहीस. फोन उचलत नाहीस. शेवटी मिनल म्हणाली, बाबा, काय ते लिहून द्या. म्हणून जावईबापूंच्या हाती हे पत्र.

एवढा राग कशाचा? तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, घर मोकळं सापडलं, म्हटलं तेवढ्यात स्वयंपाकघर नवं करून टाकू. परत आल्यावर तुझं तोंड बघायचं होतं. शेजारच्या जयमालाबाईंनी आधीच फोन करून सांगितलं, तो काही माझा गुन्हा नाही. आमच्या कंपनीतल्या अर्जुनरावांकडे आहे तसंच मॉड्युलर होतंय. जुना ओटा फोडून झाला. तुझी भांडी पोत्यांत बांधून माळ्यावर टाकलीत, वाटीसुद्धा हरवलेली नाही.

माझ्या जेवणाची चिंता करू नको. हॉलमध्ये टीव्हीशेजारी टीपॉयवर इंडक्शन शेगडी मांडली आहे. डाळ, तांदूळ, पाणी. खिचडीला अक्कल ती काय लागते? तुम्ही बायकांनी उगाच मोठं नाव करून ठेवलंय. चाकणला मी अख्खी लाइन सांभाळत होतो, एक कुकर जड जाणार आहे का?

राग उतरला की उत्तर धाड. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

ज्ञानदेव

*

ताथवडे
१६ जानेवारी

मिनलच्या बाबांस,
जयभीम. 'सप्रेम' राहिलं, ते तुमचं तुम्ही लिहून घ्या.

फोन उचलला तर माझा आवाज चढेल आणि सासरच्या माणसांत लेकीला खाली बघावं लागेल. कागदावर कितीही ओरडलं तरी बाळ उठत नाही.

तुमची खिचडी समाधानराव खाऊन आले. गुणी माणूस, एक शब्द बोलले नाहीत. फक्त घरी येऊन पुन्हा जेवले. मिनलने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, की बाबांनी खिचडी वाढली नाही, कापून दिली. लाइनवर तुमच्या हाताखाली माणसं होती, ती तुमचं ऐकायची. कुकर कुणाच्या हाताखाली नसतो.

आणि अर्जुनरावांचं कौतुक मला नका सांगू. त्यांच्याकडे दोन्ही वेळचा डबा बाहेरून येतो. ते स्वयंपाकघर म्हणजे दुकानाच्या काचेतली साडी. बघायची, हात लावायचा नाही. त्यांच्या बायकोने चहासुद्धा गॅलरीतल्या जुन्या शेगडीवर केला होता, मी डोळ्यांनी बघितलंय.

भांडी जपली म्हणून मला कळवता! म्हणजे मी भांड्यांसाठी रुसले, असं वाटतं तुम्हाला. धन्य आहे तुमची.

मूगडाळ आणि तांदूळ आधी भिजवा. पाणी आता घालता त्याच्या दुप्पट घाला. शेगडी मोठी करून बातम्या बघत बसू नका. हे मायेनं सांगत नाही, कुकर माझा आहे म्हणून सांगते.

बाळ बरं आहे. लोभाचं नंतर बघू.

तानुबाई

*

जुनी सांगवी
२३ जानेवारी

सौ. तानूस,
सप्रेम जयभीम, तू लिही न लिही.

तू सांगितलंस तसं पाणी घातलं. खिचडी झाली. खोटं कशाला बोलू, चांगली झाली. पण ती खायला बसलो आणि हिंदुराव मिस्त्रीच्या माणसांनी आत फरशी कापायला घेतली. ताट पांढरं झालं. तेव्हापासून मी गॅलरीत उभा राहून जेवतो. हिंदुराव रोज उद्या म्हणतो. माणूस मोठा ठाम, शब्द बदलत नाही.

सकाळी दही-पोहे, दुपारी अंडी उकडून पावाबरोबर, संध्याकाळी खिचडी. मधे एकदा मटकी भिजत घातली आणि विसरलो, तिला हे लांब मोड आले. भांडी बाथरूममध्ये पाटावर बसून घासतो. कंबर धरली आहे. भाकरीच्या वाटेला गेलो नाही, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो. तिथली बाई मला पेन्शनर म्हणून हाक मारते.

सगळ्यात वाईट काय सांगू? जेवण उरकून हात धुतले, की पुढच्या जेवणाचं काय हा प्रश्न समोर उभाच. कंपनीत निदान शिफ्ट संपायची. ह्याला भोंगाच नाही.

तुझा राग कशाचा ते मी अजून शोधतोय. रंग आवडला नसेल तर दारं बदलता येतील. फिकट गुलाबी निवडलाय. का मी तुला न विचारता काम काढलं म्हणून? तसं असेल तर सरळ लिही. कोडी घालू नकोस, मी आधीच खिचडीने जेरीस आलोय.

तुझा,
ज्ञानदेव

*

ताथवडे
२८ जानेवारी

मिनलच्या बाबांस,
जयभीम.

भोंगाच नाही, हे तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी मिनलला दोनदा वाचून दाखवलं. तुमच्या तोंडून हे ऐकायला आधी स्वयंपाकघर पाडावं लागलं.

आता सरळ लिहिते. गुलाबीचा राग नाही. तसं गुलाबी स्वयंपाकघर म्हणजे लहान मुलीचा वाढदिवस, पण ते असो. मी भोसरीला पॅकिंगला जायचे तेव्हा तुमचा डबा करून मग माझा डबा करायचे. पॅकिंग सुटलं तेव्हा वाटलं आता थोडं बसू. मग तुम्ही रिटायर झालात आणि घरात दुपारच्या स्वयंपाकाची भर पडली. तुमचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. मला कुणी रिटायर केलंच नाही. इथे येताना मिनलची काळजी होती, पण खोटं बोलत नाही, सुटल्यासारखंही वाटलं होतं.

आणि तुम्ही मागे काय केलंत? मी त्या जागेतून जरा बाहेर पडले, तर तुम्ही तीच जागा नवी करून माझी वाट बघत बसलात. वर मला खूश व्हायला सांगता. कैद्याला नवा पायजमा दिला म्हणून त्याने टाळ्या वाजवायच्या का?

परत यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. मिनल म्हणते बाळ चालेपर्यंत राहा. इथेही रांधते, पण इथे माणसं विचारतात, आज तुम्ही बसा, आम्ही करतो. तुम्ही कधी विचारलंत ते आठवून बघा आणि मला कळवू नका.

मोड आलेली मटकी फेकू नका. कांदा परतून त्यात घाला.

तानुबाई

*

जुनी सांगवी
८ फेब्रुवारी

तानूस,
जयभीम.

तुझं पत्र आल्यावर लगेच लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. मटकीची उसळ मात्र केली. जयमालाबाईंना वाटीभर दिली, त्यांनी वाटी धुऊन परत दिली, शेरा दिला नाही.

काल ओटा बसवायचा होता. हिंदुराव टेप घेऊन आला आणि वहिनींची उंची किती म्हणाला. मी म्हणालो, माझ्या मापाचा कर. तो हसला. म्हणाला, साहेब, वहिनींना हात वर करून काम करावं लागेल, खांदे दुखतील. मी म्हणालो, त्या करणार नाहीत. त्याला वाटलं तू कायमची गेलीस. पुढचं सगळं काम त्याने फार काळजीने केलं.

तर ओटा माझ्या मापाचा आहे. मला पाच-सहा पदार्थच येतात, तेही तू हिणवशील असे. भाकरी केंद्रातूनच येईल. ये असं मी म्हणत नाही. आलीस तर जेवायला ये.

ज्ञानदेव

*

जुनी सांगवी
२४ फेब्रुवारी

चि. मिनल हिस
अनेक आशीर्वाद. बाळाला पापा. समाधानरावांना जयभीम सांग.

काल तू म्हणालीस पोचल्यावर सगळं कळव, म्हणून लिहिते. हे फोनवर सांगता येणार नाही, तुझे बाबा शेजारीच असतात.

स्वयंपाकघर बघितलं. दवाखाना वाटतो. खण इतके, की चमचा शोधायला अर्धी सकाळ जावी. दारांना कड्या नाहीत, हाताने आत दाबून उघडायची. वरच्या फळीला माझा हात लागत नाही. ओट्यापाशी उभी राहिले तर तो माझ्या बरगड्यांना लागला. तुझे बाबा मागे उभे होते.

मग त्यांनी मला हॉलमध्ये बसवलं. आत भांडी पडली, काहीतरी करपल्याचा वास आला, पाण्याचा नळ उगाच चालू राहिला. माझे पाय उठायला निघाले, मी खुर्ची धरून बसले. त्यांनी ताट आणलं: भात, मटकीची उसळ, केंद्रातली भाकरी, जाड चिरलेली काकडी. समोर बसले आणि मी पहिला घास घेईपर्यंत त्यांनी आपल्या ताटाला हात लावला नाही.

मग विचारलं, "मीठ कमी पडलंय का?"

मी म्हटलं, "पडलंय. जा, आणा."

ते उठले. मी बसून राहिले. मीठ कुठल्या खणात ठेवलंय ते त्यांनाच आठवेना, सगळे खण उघडत बसले. तोवर भात गार झाला. तरी मी पुन्हा वाढून घेतला.

उसळ ठीक होती. हे त्यांना सांगू नकोस, लगेच डोक्यात हवा जाईल.

तुझ्यावर जीव आहेच, वेगळा काय लिहू.

तुझी आई