कानबाईच्या रविवारी नारगोलला

सोम. २८ जुलै. खडोली

आणि फोनवर दादाचं परत तेच. मी काय गावाचा रस्ता विसरलोय का. मागच्या वर्षी गेलो, त्याच्या आधी पण गेलो, एसटीत उभ्याने. दोन्ही वेळा पिशवी खाली ठेवायच्या आत यानेच विचारलं, परत कधी निघणार. आता येत नाही म्हटलं तर रविवारी घरी कानबाई बसणार, देवीचा सण, भाऊबंद काय म्हणतील.

शेवटी म्हणे, "तू उना नही ते तुनी मूठ टाकाव नही."

मी आलो नाही तर माझी मूठ नाही. हे तो करू शकतो. बाबा गेल्यापासून रोटाचे, देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू तोच घेतो. घरातल्या एकेका गड्याच्या नावाने सव्वा मूठ. माझी नाही टाकली म्हणजे मी त्या घरचा नाही. संपलं.

म्हटलं खर्चातला माझा वाटा पाठवतो. म्हणे पैसा नको धाडू, तू ये.

नाही जाणार.

मंगळ. २९. नागपंचमी

कंपनीच्या कँटीनला पण आज तळलेलं नाही. वरणभात.

पाळी सुटल्यावर माझ्याच मशीनवरच्या नरेशबरोबर सावंतकाकांकडे. शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. मूळ कोकणातले, पण सिल्वासा सोडून कुठे जात नाहीत. म्हणजे घर सोडत नाहीत, फिरले खूप. जुनी व्हॅन, मागच्या सीटा काढून स्वतः पलंग ठोकलाय, खाली भांड्यांचे खण, शेगडीला जागा, काकूंनी शिवलेले पडदे. दोघं त्यात झोपून दक्षिणेपर्यंत जाऊन आले. आता काकांचे गुडघे गेले. विकायची आहे.

काका म्हणाले, "पुढच्या बुधवारी वापीचा एक येतोय. पण तो सीटा बसवून शाळेची पोरं कोंबणार. तुम्ही त्याच्या आधी नेऊन आणा. दुधनीचा चढ चढवा, समुद्र दाखवा तिला. तुमचं आणि तिचं जमलं तर तुमची. हप्त्याने द्या."

शनिवारी इथल्या मुक्तिदिनाची सुट्टी, रवि. पाळीची, सोम. मी रजा टाकली. दुसरे दिवस नाहीत. दादाला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, गाडीत झोपायला घर नाही का तुला.

नरेशकडे लायसन आहे, मला पाना चालवायला येतो. फिरायला येणाऱ्यांना घेऊन फिरायचं, ते पैसे देतील, आपलं पण फिरणं होईल. जन्मभर मशीनवरून धाग्याच्या बॉबीन उतरवणार नाही मी.

शनि. २ ऑग. दुधनी

खानवेलपासून पुढे सगळं हिरवं, डोळ्याला लागेल इतकं. चढाला दुसऱ्या गिअरवर रडली पण चढली. नरेश तिच्याशी बोलतो, "चाल बाय, चाल." वर जाऊन थांबलो. खाली मधुबन धरणाचं पाणी भरलेलं, मधले डोंगर बेटासारखे.

नरेशचं घर इथलंच. त्याच्या आईने नागलीची भाकर आणि धरणातला मासा केला होता. मी मासा नाही घेतला. कानबाई होईपर्यंत आमच्यात चालत नाही.

नरेश हसायला लागला. "मूठ तर टाकत नाहीत तुझी. मग मासा कोणासाठी सोडतो?"

त्याच्या आईने त्याला दटावलं. मी मिरचीबरोबर भाकर खाल्ली. त्याने माझ्या वाटचा पण मासा संपवला आणि वर म्हणे, पुण्य तुला, काटे मला.

पाण्याकडे तोंड करून गाडी लावली. पलंग दोघांना पुरतो, नरेशने पाय दुमडले तर. तो दुमडत नाही.

रवि. ३. नारगोल

नरोलीच्या पुढे, गुजरात लागतो तिथे पोलिसाने अडवलं. मागचं दार उघडलं आणि खणात तीन बाटल्या. नरेशने शेंगतेल भरून घेतलेलं दारूच्या बाटल्यांत. आमच्या खोल्यांवर सगळ्यांचं तेल असल्याच बाटल्यांत, कोणाच्या डोक्यातच आलं नाही की हद्दीपलीकडे दारूबंदी.

"आ शुं छे?"

"तेल, साहेब."

"बधा एम ज कहे छे."

सगळे असंच सांगतात म्हणे. वास घेतला, बोट बुडवून चाटलं, तरी तिन्ही उघडायला लावल्या. मग गाडी कोणाच्या नावावर, म्हणून काकांना फोन. मला वाटलं गेली गाडी. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तेल पिऊन पोरं डुलायला लागली तर मला कळवा." पोलीस हसला, जा म्हणाला. घाईत एक झाकण सैल राहिलं, तेल काकूंच्या पडद्यावर.

दुपारी नारगोल. सुरूच्या झाडांखाली गाडी. समुद्र मातकट, फुगलेला, आवाजच आवाज. मी याआधी समुद्र पाहिलेला नाही हे नरेशला सांगितलं नाही. बराच वेळ उभा राहिलो.

खिचडी टाकली आणि घरी फोन लावला. मागे बायांची गाणी. आई बाजूला जाऊन हळू बोलली.

"जेवना का?"

"गहू मोजले?"

"दादानी मोजात." मग आणखी हळू, "तुनी नही टाकी, भो. मी सांगं त्याले."

मी बरं म्हटलं.

नरेशने ऐकलं असणार. ताट पुढे करून म्हणाला, "आत्ता निघालो तर सकाळी विसर्जनाला पोचू. डिझेल आहे."

मन झालं. खोटं कशाला. पण मग दुसऱ्याची गाडी घेऊन, मूठ नाही टाकली म्हणून धावत आलो, असं दारात उभं राहायचं? नको. जाईन तेव्हा गाडी माझी असेल, आणि मी बोलावल्याशिवाय गेलेलो असेन, भिऊन नाही.

नरेशला म्हटलं, मीठ कमी आहे.

सोम. ४. सिल्वासा

काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठी टेकत. बॉनेट उघडलं, खाली वाकता येत नाही म्हणून मला वाकायला लावलं. तेलाचा डाग काकूंनी पाहिला.

"पडदा धुऊन आणून द्या आधी," काकू म्हणाल्या.

"आणि मग लावायचा कुठे?" काका. "त्यांच्याच गाडीत लावायचाय तो." वापीवाल्याला तिथूनच फोन करून नको सांगितलं.

नरेशने काकांच्या पाया पडताना गुडघ्याला हात लावला. काका कळवळले.

मंगळ. ५. खडोली

सकाळी कानबाईच्या खर्चातला माझा वाटा दादाला पाठवला, फोनवरून. दुपारी परत आला. एक शब्द नाही, नुसते पैसे.

नरेश म्हणे, "ठेव ना, टायरला होतील."

नाही. मूठ टाकायची का नाही ते दादाच्या हातात. वाटा द्यायचा का नाही ते माझ्या. हे त्याला कोणीतरी समजावलं पाहिजे आणि दुसरं कोणी नाही.

रोट पौर्णिमेच्या आत खाऊन संपवायचे, घरच्यांनीच. पौर्णिमा शनिवारी. तोपर्यंत गाडी घेऊन जाईन किंवा नाही जाणार. पडदा वाळला तर...

त्याने परत केले की मी परत पाठवणार. आता पाठवतोय. अकराशे रुपये.