फोनमधलं विमान आणि कालुआमामांचा नमस्कार

चिपाले, न्चेऊ
सोमवार, ३ जून

पूज्य मामा,

तियामिकेचा गुडघे टेकून नमस्कार. आम्ही सगळे नीट उठलो, तुम्ही कसे उठलात ते इथून दिसत नाही. थंडीमुळे आईचा खोकला वाढलाय, पण बोलणं कमी झालेलं नाही. मामींना, मुलांना आणि चहाच्या मळ्यात ज्यांना ज्यांना आमची नावं माहीत आहेत त्या सर्वांना नमस्कार सांगा. (खरं तर मला आधी एक चूक दुरुस्त करायची होती आणि नमस्कार मागाहून घालायचा होता. पण सध्या आपल्या घरावर नमस्कार न केल्याचाच आळ आहे, तेव्हा धीर झाला नाही.)

चूक अशी. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की वायसनच्या घरचे गप्प बसलेत, त्यांचा फोन आला नाही, आणि त्यांना हे लग्न नको असेल तर मला काही वाटणार नाही. यातला पहिला भाग खोटा निघाला. गप्प ते नव्हते, आपण होतो. वायसनचे मामा कालुआ यांनी सरोवराकाठच्या त्यांच्या गावाहून आपल्या घरच्या फोनवर फोन केले होते. तेव्हा फोन बंद होता, आणि तो मी बंद केला होता. (शेवटच्या भागाबद्दल सगळ्यात खाली लिहिते.)

लग्नाचं बोलणं दोन्हीकडच्या मामांनी करायचं, यावर माझा काही आक्षेप नाही. पण त्यातल्या एका मामांचा फोन चहाच्या पानांबरोबर वाळवणीच्या यंत्रात गेला आणि त्यांनी दुसरा घेतलाच नाही (हे तक्रार म्हणून लिहीत नाही, फक्त क्रम सांगते), म्हणून असं ठरलं होतं की कालुआमामांनी लग्नाच्या बोलण्याचा दिवस घरच्या फोनवर कळवायचा, आईनं तो ऐकून घ्यायचा आणि रविवारी मळ्यातल्या कारकुनाच्या फोनवरून तुम्ही त्यांना उत्तर द्यायचं. मुलाकडचा कोंबडा आणि आपली कोंबडी यांची देवाणघेवाण होऊन सगळं पक्कं होईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. हे मी पाळलं, मामा. त्या फोनकडे मी नुसती बघत होते. पण बघता बघता मला त्याची बॅटरी दिसायला लागली.

यंदा ढग लवकर आले आणि डोंगरावर ठाण मांडून बसले. बाजारातल्या लॅक्सन न्हाव्याचं सोलर पॅनेल दाढीच्या यंत्रापुरतंही चालेना. सकाळी चार्जिंगला दिलेला फोन संध्याकाळी आणावा तर तो जेमतेम डोळे उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकायचा. लॅक्सन म्हणाला, "बाई, तुमच्या घरातल्या बायकांचं बोलणं ऐकून दमतो तो." आईनं फोन थंड राहावा म्हणून पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवायला सुरुवात केली. (मडकं झिरपतं. ते मी थांबवलं.) मग शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत गेलं की असंच होतं. दवाखान्याची चिठ्ठी, खताच्या गोणीवरची अक्षरं, सरकारी नळावरची पाटी, सगळं त्याच माणसाकडे येतं, आणि त्याला येत नसलं तर शाळा फुकट गेली असं ठरतं. म्हणून मी फोनच्या सेटिंगमध्ये शिरले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

मामा, आपल्याला वाटतं फोन मडक्याशेजारी शांत पडलाय. तो शांत नसतो. तो सारखा कोणाला तरी शोधत असतो. वायफाय चालू होतं. आपल्या गावात वायफाय नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पूर्वी जिथे जिथे जोडला गेला होता त्या जागांची नावं त्यानं जपून ठेवली होती. माझ्या कॉलेजचं वसतिगृह होतं, जिथून मी दोन वर्षांपूर्वी निघाले. बाबा शेवटी ज्या दवाखान्यात होते त्याचंही नाव होतं. बाबांना पुरून आल्यापासून आपण कोणी त्या रस्त्यानं गेलो नाही, पण फोननं ते नाव सोडलं नव्हतं. मी बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले. मग बाकीच्या नावांबरोबर तेही पुसलं, कारण त्यानं आता कोणाला काही मिळणार नव्हतं. त्यानंतर वायफाय बंद केलं, ब्लूटूथ बंद केलं, आपण कुठे आहोत हे आकाशाला विचारत राहणं बंद केलं (आपण चिपालेत आहोत, कुठे जाणार), इंटरनेट बंद केलं. बॅटरी पूर्ण दोन दिवस टिकली. शेजारणी आपापले फोन घेऊन आल्या. लॅक्सन म्हणाला, आता न्हाव्याचं दुकानही तूच चालव.

तिथेच थांबायला हवं होतं, हे आता कळतं. एवढं बंद केल्यावरही फोन वाजत होता, बोलत होता, घराला जेवढा हवा तेवढा चालू होता. पण मला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली, की टॉवर लांब असला तर फोन जास्त जोर लावून त्याला हाका मारतो आणि त्यात बॅटरी जाते. आपला टॉवर डोंगरापलीकडे. रेंज फक्त मक्याच्या शेतातल्या वारुळावर चढलं की येते, घराशी कधी येते कधी जाते. मला वाटलं, बिचारा दिवसभर हाका मारतोय आणि कोणी ओ देत नाही. मग मी विमानाच्या चित्रावर बोट ठेवलं. त्यानं सगळंच बंद होतं. आईनं विचारलं, विमान कशाला? मी म्हटलं, फोन प्रवासाला गेलाय असं समज. रोज संध्याकाळी मी वारुळावर चढायची, विमान काढायची, कोणाचा फोन येतो का वाट बघायची, आणि परत विमान लावायची. आठ दिवस बॅटरी टिकली. मला इतकं समाधान झालं होतं की सांगायला लाज वाटते. कारण कालुआमामा मोठ्या कामाचं बोलणं सकाळीच करतात. भलं माणूस कोणाच्या दारात सकाळीच जातं.

पुढचं वायसननं परवा बोअरहोलच्या हातपंपापाशी सांगितलं. तो सायकलवरून न उतरताच म्हणाला, "तू माझ्या मामांना इंग्रजीत काय सांगितलंस?"

मी म्हटलं, मी त्यांच्याशी कधीच बोलले नाही.

"ते म्हणतात एका तरुण बाईनं फोन उचलला. त्यांनी नमस्कार केला, तर ती इंग्रजीत काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवशी परत केला, तर परत तेच बोलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या आईची, शेताची, सगळ्यांची विचारपूस केली, तर ती मध्येच तोडून परत तेच. चिपालेत इंग्रजी बोलणारी मुलगी एकच आहे, तियामिके."

मग आम्हा दोघांना एकदमच कळलं. फोन लागत नाही असं सांगणारी जी कंपनीची बाई आहे, ती आधी इंग्रजीत सांगते आणि मग आपल्या भाषेत. कालुआमामा तिच्या इंग्रजीतच फोन ठेवत होते. जन्मभर जाळी ओढलेला माणूस, भाच्यासाठी म्हणून पहिल्यांदा स्वतः नंबर लावत होता, कारण असं बोलणं दुसऱ्याकडून करवून घेणं त्यांना बरं दिसलं नाही. वायसननं त्यांना सांगितलं की ते यंत्र आहे. ते म्हणाले, "यंत्र असतं तर पुरुषाचा आवाज असता. मुलगी शिकली असेल, पण घरात तिला नमस्कार शिकवायचा राहिला." आणि त्यांनी कोंबडा विकून टाकला.

मला त्यांचा राग येत नाही. मी दोन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. ती मी होते असं मानलं तर मी उद्धट ठरते. यंत्र होतं हे पटवलं, तर मग विचारतील, मुलाकडचा निरोप यायचा होता तेव्हा तुम्ही फोन बंद का ठेवलात? त्याचं खरं उत्तर बॅटरी हे आहे, आणि ते कोणत्याही भाषेत चांगलं वाटत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होती. ढवळतच म्हणाली, "म्हणजे पाहुणे येणार म्हणून तू दिवा जपून ठेवलास आणि दाराला कडी घातलीस." मग ताटात माझ्यासाठी जरा जास्तच वाढलं, त्यावरून ती किती काळजीत आहे ते मला कळलं.

तेव्हापासून विमान काढून टाकलंय. फोन दिवसभर हाका मारतो, मारू दे. कोणाकोणाचा शोध थांबवायचा एवढंच मला वाचून कळलं होतं, कोणाचा थांबवायचा नाही ते त्या पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे पत्र मिनीबसच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे. मामींना आणि मुलांना पुन्हा नमस्कार. तुम्ही नीट राहा, म्हणजे आम्हीही राहू.

तुमची भाची,
तियामिके

ता. क. तुम्ही फोन घेतलात तर बरं होईल. सेटिंग मी करून देईन. (आता फक्त आवश्यक तेवढंच बंद करते.)

ता. क. वर लिहिलं की फोनमधली जुनी नावं पुसली. एक राहिलं. चर्चच्या गायनाची तालीम असताना वायसननं ब्लूटूथवरून मला एक गाणं पाठवलं होतं, तेव्हापासून त्याच्या फोनचं नाव यादीत आहे. ब्लूटूथ बंद आहे, त्यामुळे बॅटरीला त्याचा काही त्रास नाही. आणि मागच्या पत्रातला शेवटचा भाग, मला काही वाटणार नाही हा, तोही खोटा होता. तो मी चांगलं दिसावं म्हणून लिहिला होता.

ता. क. खरं काम हे. मामा, कोंबडी घेऊन तुम्ही स्वतः कालुआमामांच्या दारात जा. बाहेरून हाक द्या, ते आत बोलावतील, आणि तुमचा नमस्कार मध्येच तोडायला तिथे कोणी बाई नसेल. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत तुमचं जाणं झालं नाही, तर मुलीनं बोलू नये हे ठाऊक असूनही मी वारुळावर चढून त्यांना फोन लावीन. आधी त्यांच्या घरातल्या प्रत्येकाची, जाळ्यांची आणि होडीची विचारपूस करीन, आपल्या भाषेत, आणि ते म्हणतील तेवढा वेळ. त्यासाठी लॅक्सननं पॅनेलची पहिली जागा मला राखून ठेवली आहे. फोनचा वार शुक्रवार, १४ जून, सकाळी.