रिकाम्या टेबलावरचा उजेड

१ डिसेंबर
नाशिकला आले! इंदिरानगरात खोली मिळाली, घरमालकीण मालिनीकाकूंनी आल्या आल्या गरम पिठलं-भाकरी दिली. रुग्णालयात स्कॅनचं काम माझ्याकडे. मनमाडला फोन करून आईला समजावलं : कर्करोगाच्या गाठीला चिकटणारं प्रतिपिंड असतं, त्याला थोडा किरणोत्सारी पदार्थ जोडून शिरेतून देतात. ते अंगभर फिरून गाठींपाशी बसतं. काही दिवसांनी स्कॅन केला की पडद्यावर गाठी उजळतात. आईनं एवढंच विचारलं, तुला त्याचा त्रास नाही ना होणार?

४ डिसेंबर
इगतपुरीकडच्या लंकाबाईंना इंजेक्शन दिलं. स्तनाचा कर्करोग, पसरत चाललेला. सोबत कॉलेजात शिकणारी लेक, वैष्णवी. स्कॅन सोमवारी म्हटल्यावर म्हणाल्या, "भात झोडायचा राह्यलाय, ताई. लवकर सोडा बरं मला." हसल्या. मीही हसले.

८ डिसेंबर
लंकाबाई आल्या नाहीत. फोन केला. वैष्णवी म्हणाली, आई काल गेली. आजच्या यादीतलं त्यांचं नाव खोडलं.

९ डिसेंबर
सकाळी रिकामं टेबल आत घालून यंत्र तपासतात. पडदा काळा यायला हवा. आज त्यावर एक बाई आडवी होती. मणक्यात, यकृतात उजळ ठिपके. आमच्या विभागाचे डॉक्टर गौरांग म्हणाले, औषध सांडलं असेल. गादी बदलली. किरणमापक फिरवलं, काही नाही. लंकाबाईंच्या फायलीतला, दुसऱ्या रुग्णालयात झालेला जुना स्कॅन काढून पाहिला. तीच ठेवण, तेच ठिपके, फक्त वाढलेले. पण आमच्या या टेबलावर त्या कधी झोपल्याच नव्हत्या.

१० डिसेंबर
आजही. मान वळलेली, मी जिच्यामागे बसते त्या काचेकडे. माझ्याकडे. भीती वाटली, आणि रडूही आलं. काहीतरी मागतायत—

१२ डिसेंबर
वैष्णवी आईचे कागद न्यायला आली. सांगत होती, शेवटी शुद्ध नव्हती, तरी आई एकच बोलत होती : पोरीला बघा. आईचा स्कॅन जिथं व्हायचा होता ती जागा बघायची म्हणाली. आत गेली. मी थांबवायच्या आत टेबलावर आडवी झाली. यंत्र चालू होतं.

तिला इंजेक्शन नाही. काही दिसायलाच नको—

दोघी आहेत.

लंकाबाई कुशीवर, लेकीला बिलगून. पंजा तिच्या छातीवर. बोटांखाली एकच ठिपका. लहान. अजून लहान आहे—

वैष्णवी आतून विचारतेय, "ताई, आई इथंच झोपणार होती ना?"

सांगायला हवं. आत्ताच. कसं सांगू, वैष्णवी, तुझी आई तुझ्या—