दाराजवळची सीट

नंदनवन, नागपूर
६ जानेवारी २०२५

प्रिय मेघाताईस,
धम्मदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको वं. फोनवर बोललो की आई स्पीकर लावते अन् माह्या पोटाचा जाहीर कार्यक्रम होते.

डॉक्टरनं तपासून आयबीएस, म्हणजे नाजूक आतड्याचा त्रास, सांगितलं, जेवणात फायबर वाढवा म्हणाले. आईनं तेवढंच धरलं! रोज कोंड्याची पोळी अन् भिजवलेले हरभरे. पोट ढोलावानी फुगून राहिलं. मग इसबगोल आणलं. सकाळी एका घोटात गिळतो. जास्त पाणी कसं पिऊ? हिंगण्याच्या कारखान्यापर्यंत कंपनीची बस मधात थांबत नाही. दार लागलं की मुरडा सुरू, अन् सारे ओळखीचे. मागच्या आठवड्यात सिग्नलवर बस थांबली तशी उतरलो तर लेट मार्क लागला. पर्मनंट व्हायच्या वक्तावर नोकरी सोडावं म्हणतो. आईले सांगू नको.

लोभ आहेच, शिव्याही येऊ दे.
धम्मदीप


चंद्रपूर
१४ जानेवारी २०२५

चि. धम्मदीपले अनेक आशीर्वाद, जयभीम.

अरे बैताडा, इसबगोल कोरडं काहून गिळतं गा? ते पाणी पिऊनच फुगते. पाणी नाही भेटलं तर आतच घट्ट बसन. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमले विचारलं, तुझं नाव नाही सांगितलं. कोंड्यानं काही जणांचं पोट आणखी बिघडते, तो बंद कर. इसबगोल संध्याकाळी घरी आल्यावर, थोड्यापासून सुरू कर, गिलासभर पाण्यासंगं. दिवसाही पाणी पेत जा. वजन उतरलं, संडासात रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जाजो.

नोकरी सोडून घरात बसशील तर आई दिवसभर पोटच विचारीन! त्यापेक्षा ड्रायव्हरले सांगून ठेव. लाज वाटते, समजते मले. तुझं पत्र वाचून रडूच आलं.

तुझी,
मेघाताई


नंदनवन, नागपूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

पोटाचा फुगारा बराच उतरला. कोंड्याची पोळी नाकारली म्हणून आई मात्र फुगली होती.

काल बस जाममध्ये अडकली. दार बंद, घाम फुटला, वाटलं झालं आता. उठलो अन् सगळ्यांसमोर ड्रायव्हर कवडूभाऊले सांगितलं, पोट बिघडलं आहे, दार उघडा. कोणी हासलं नाही. त्यानं दार उघडलं अन् म्हणाला, निवांत जाऊन ये, थांबतो मी. पायरीवर उभा राहिलो, वारा लागला. अन् ताई, मुरडा हळूहळू उतरून गेला. उतरावंच नाही लागलं.

दार लागलं की भीती अजूनही येते. राजीनामा मात्र देत नाही. कवडूभाऊनं आज दाराजवळच्या सीटवर आपला रुमाल टाकून ठेवला होता, माह्यासाठी.

असाच जीव लावत राहजो.
तुझा,
धम्मदीप