रुख्मिणीबाईंवर आळ येऊ नये म्हणून

मी सुकेशनी देवमन अंभोरे, वय एकसष्ट, अविवाहित, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी व्हिडिओ कॅसेटचे दुकान व आता भयकथा लिहून त्या स्वतःच छापणे व विकणे, राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे लिही असा कोणाचा दाब नाही. लिहू नकोस असा मात्र आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे. तरी काही गोष्टी आताच स्पष्ट करणे भाग आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. त्यात माझा धाकटा भाऊ धम्मरत्न याचा हक्क नाही, हे त्यालाही मान्य आहे. घर माझी पुतणी, म्हणजे त्याची मुलगी साक्षी, हिला मिळावे. मात्र मागची खोली, न्हाणी आणि परसातली जागा रुख्मिणीबाई राऊत यांनी जिवंत असेपर्यंत वापरावी. त्यांना कोणीही, साक्षीनेसुद्धा, जा म्हणू नये. परसात त्यांनी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी पेरली आहे. तिथे गाडी उभी करू नये. रुख्मिणीबाई माझ्या नात्याच्या नाहीत आणि जातीच्याही नाहीत. त्यांना खोली का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दवाखान्याचे देणे देऊन साक्षीला. दुकानातल्या कॅसेटी बहुतेक बुरशीने गेल्या आहेत, पण फेकू नयेत. त्याच दुकानात बसून मी गाव पाहिले. शनिवारी भाड्याने टीव्ही नेणारी पोरे, टपावर गादी टाकून झोपणारा मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर, रॉकेलच्या रांगेतली भांडणे. दुकान बंद पडल्यावर हेच सगळे मी 'निंबखेड १९८७' या मालिकेत घातले. निंबखेड कुठे नाही, मी रचलेले आहे. पुण्याला नोकरीला गेलेले वाचक मला लिहितात. ते भुतासाठी येतात आणि गावासाठी थांबतात.

कलम ३. आमचे बाबा देवमन यांचा लाकडी पलंग धम्मरत्नला. आमचा वाद मात्र मिटलेला नाही, तो मिटला असे माझ्यामागे कोणी सांगू नये. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले शेंदराचे दगड नदीत सोडले. धम्मरत्न म्हणतो, "ताई, बाबानं भुतं घराबाहेर काढली, अन् तू त्यायले पुस्तकात घालून परत आणून राह्यली." माझे उत्तर असे की भूत पुस्तकात असले की पुस्तक मिटता येते. हे उत्तर मला गेल्या श्रावणापर्यंत पुरेसे वाटत होते.

कलम ४. तिसरा भाग 'बारवेतली बाई' चांगला खपला. त्यातली बारव मी मामाच्या गावी लहानपणी पाहिलेल्या बारवेवरून रचली. ते गाव कामरगावच्या बाजूला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. एका रीलवाल्याने खरी बारव हुडकली आणि "हीच ती जागा" म्हणून मोबाईलवर दाखवली. जीपा भरून लोक येऊ लागले. त्यांच्यामागून एक महाराज आला आणि बारवेच्या काठी तंबू ठोकून बसला.

बारवेला लागून रुख्मिणीबाईंचा भाजीचा तुकडा आहे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तुकड्यावर दीर पंजाबराव यांचा डोळा जुनाच. पंजाबरावांची सून बाळंतपणानंतर तापाने पडली. महाराजाने सांगितले की बारवेतली बाई दिवसा वर येते आणि भाजी विकते. नाव घ्यायची गरज पडली नाही. बाजारात रुख्मिणीबाईंच्या पालापुढे कोणी थांबेना. आणि एके सकाळी साक्षीला मोबाईलवर दिसले की आज दुपारी बारवेवर डाकिणीचे केस कापणार आहेत.

मी धनसिंग राठोडला फोन केला. तो जीप चालवतो आणि पहिल्या भागापासून माझा वाचक आहे. पोचलो तेव्हा बारवेभोवती माणसे दाटीने उभी होती, बरेचसे मोबाईल वर धरून. रुख्मिणीबाईंना वरच्या पायरीवर बसवले होते, वेणी सोडलेली. एकाच्या हातात मेंढरांची लोकर कापायची कात्री होती.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटले, "बारवेतली बाई मी लिवली. ते माह्या डोक्यातून निघाली. केस कापाचेच असतीन तं माह्ये कापा."

पंजाबराव पुढे आले. "तुमी कोण? आमच्या घरचं आमी पाहून घेऊ."

"पुस्तक तुमच्या घरचं नाही."

महाराजाने मानेनेच होकार दिला. कात्रीवाल्याने माझा अंबाडा धरला. लोखंड मानेला लागले तेव्हा ते उन्हाने तापलेले होते, एवढे आठवते. तेवढ्यात मागून कोणी तरी दबक्या आवाजात म्हणाले, "अबे, हे अंभोऱ्यायची हाये. हिले हात लावशीन तं येगळी केस पडन." कात्री थांबली.

जातीने मला जन्मभर मागच्या ओळीत बसवले, आणि त्या दुपारी तिच्यामुळेच लागू होणाऱ्या अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याने माझी मान वाचली. मला त्याचा आनंद झाला नाही. रुख्मिणीबाईंच्या मानेसाठीही कायदा होता, जादूटोण्याविरुद्धचा. तो त्या गर्दीत कोणाला आठवला नव्हता.

धनसिंगने पोलिसांना आधीच कळवले होते. ते येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. कोणी पांगले नाही, कोणी जवळ आले नाही. पोलिसांच्या गाडीत बसताना महाराज माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, तू दिवाळी पाहत नाही."

रुख्मिणीबाईंना मी त्याच जीपने घरी आणले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला जिना चढवेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी झडप खराब असल्याचे सांगितले आणि थांबू नका म्हणाले. ही बातमी त्या गावात कशी पोचली कोण जाणे. आता तिथे म्हणतात की डाकीण लेखिकेच्या घरात राहून लेखिकेलाच खाऊन राह्यली. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस म्हणाला, "चौथा भाग काढू नका, कोर्टात बोलू नका. नाही तं तुमच्या मयतीचा हिशेब आमी रुख्मिणीपाशी मांगू." फोनची तक्रार दिली आहे.

मी हे रुख्मिणीबाईंपासून लपवणार होते. पण त्यांनी माझा चेहरा पाहून ओळखले. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, तू मेली तं ते मले जित्ती ठेवणार नाहीत."

"मावशी, मी मरत नाही."

"असं नोको म्हनू. लिवून दे."

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ५. मालिकेच्या सर्व भागांचे हक्क साक्षीला. चौथा भाग 'उतारा' तयार आहे. त्यात ती दुपार आहे, नावे बदलून. मी असो वा नसो, तो दिवाळीच्या आत निघावा. पुढे ढकलण्याचा सल्ला देणाऱ्यांत साक्षीचे वडीलही असतील. त्यांना चहा द्यावा आणि छापखान्यात जावे. कोणत्याही भागावर खऱ्या जागेचा फोटो किंवा नकाशा छापू नये, आणि तसे करू पाहणाऱ्याला कथा देऊ नये. पोलिसांत माझा जबाब नोंदवून झाला आहे. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

कलम ६. मी शस्त्रक्रियेत, तिच्यानंतर किंवा दिवाळीपूर्वी कधीही मेले, तर कारण माझी झडप आहे. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन ती बिघडली. तेव्हा रुख्मिणीबाईंनी मला पाहिलेही नव्हते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

धम्मरत्न म्हणतो, निदान त्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेऊ नको, लोकांना निमित्त मिळेल. त्याची काळजी खोटी नाही. तरी मी त्यांना नेणार आहे. भूल देण्याआधी हात धरायला मला त्याच हव्यात. त्यांना लपवले तर महाराज खरा ठरेल.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. मला उचलण्यापूर्वी साक्षीने हे कलम मोठ्याने वाचावे. त्या गावचे कोणी आले असेल तर त्याला पुढे उभे करून वाचावे. मी कोणाच्या अंगात येणार नाही. कोणाच्या स्वप्नात येऊन कोणाचे नाव घेणार नाही. मला जे सांगायचे होते ते जिवंतपणी, सही करून सांगितले आहे. यापेक्षा वेगळे कोणी माझ्या नावाने बोलले तर तो खोटे बोलतो, आणि साक्षीने त्याच्याविरुद्ध तक्रार करावी.

धनसिंगला काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला देऊ नये असे वकील म्हणाले. तो हसून म्हणाला, "मले फकस्त चौथा भाग द्या."

रुख्मिणीबाईंना हे सगळे वाचून दाखवले. कलम ६ त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग अंगठा कुठे लावू म्हणून विचारले. त्यांचा अंगठा लागत नाही, असे वकिलांनी सांगितले.

"मंग म्या काय करू?" त्यांनी मला विचारले.

मी म्हटले, "मावशी, तुमी इथंच राहा."

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केले आहे.

सही: सुकेशनी देवमन अंभोरे

साक्षीदार:
१. डॉ. उज्ज्वला खडसे, मंगरूळपीर. लिहून देणारी शुद्धीवर व पूर्ण समजुतीत असल्याचे मी तपासले आहे. (सही)
२. धनसिंग राठोड, मंगरूळपीर. माझ्यासमोर सही केली. (सही)

ठिकाण: मंगरूळपीर
दिनांक: २६ सप्टेंबर २०२५