मागच्या टेबलापर्यंत आवाज

६ मार्च, सकाळ

नोकरी सोडली. विमा कंपनीच्या फायली आता दुसरं कोणीतरी चाळेल. साहेबांनी थांबवलं नाही. गलबलून गेले असावेत. टेबलाचा खण रिकामा करायला त्यांनी स्वतः मदत केली.

आता फक्त गाणं. मी आणि गिटार. कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, आमचा स्पीकर जळलाय, तुमची साउंड सिस्टिम घेऊन या, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकदा गाऊन दाखवा. गिऱ्हाइकांना आवडलं तर दर शनिवार तुमचा. घरी बायकोनेही अट घातली. शनिवार मिळाला नाही तर एक तारखेपासून तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. लगेच हो म्हटलं. जे होणारच नाही त्याला हो म्हणायला काय जातं.

संकल्प: रोज पहाटे रियाज. उद्यापासून.

७ मार्च

रियाज नाही झाला. विचार केला, आवाज ज्या स्पीकरमधून येणार तोच ठरला नसेल तर गळा तयार कशासाठी करायचा? आधी स्पीकर. दिवसभर व्हिडिओ पाहिले. वॉट, चॅनेल, रिव्हर्ब, बॅटरी बॅकअप. एकट्याने गाणाऱ्यांसाठी खांबासारखी सिस्टिम मिळते. खाली जड पेटी, वर सडपातळ कॉलम. नाहीतर खांद्याला अडकवायची बॅटरीवाली पेटी.

बायको हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली तेव्हा तिला वॉट म्हणजे काय ते समजावलं. ती बसल्या जागी झोपली. किचकट विषय इतका शांतपणे सांगता येणं ही देणगी आहे.

९ मार्च

दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, किती लोकांसमोर गाणार आणि पेटी उचलणार कोण? म्हटलं, स्टेडियम धरून चला. त्याने हॉटेलात टेबलं किती ते विचारलं. अशा माणसांमुळेच कलावंत मागे राहतात.

सगळ्यात मोठा स्पीकर लावून माझं ‘पायरीशी थांब जरा’ गायलो. शब्द माझे, चाल माझी. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला. स्पीकरचा मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, वाईट आहे. आणि एक अडचण लक्षात आली. बँडवाल्यांकडे साउंडचा माणूस असतो, तो मागे उभा राहून ऐकतो. एकट्याने गाणाऱ्याने गायचं की मागे जाऊन ऐकायचं? माझ्या जागी माइकवर कोणालातरी उभं करायला हवं.

बायकोला वेळ नाही. सासूबाई सध्या आमच्याकडेच असतात. त्यांना सांगितलं, आई, फक्त हॅलो हॅलो म्हणायचं. त्या म्हणाल्या, तेवढं जमेल जावईबापू.

११ मार्च

सासूबाईंना घेऊन दुकानात. दोनदा हॅलो म्हणून त्या कंटाळल्या आणि सरळ माझंच गाणं सुरू केलं. विचारलं तर म्हणाल्या, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. मी दुकानाच्या पार मागे जाऊन उभा राहिलो. काय आवाज! मऊ, भरलेला, शब्द न् शब्द स्वच्छ. दुकानदाराने हातातला फोन खाली ठेवला.

लगेच मी गायलो. तोच स्पीकर, तीच बटणं, आणि पुन्हा नाकातला आवाज. म्हणजे हा स्पीकर पहिली पाच मिनिटंच चांगला चालतो, मग गरम होऊन बसतो. रद्द. दुकानदाराला सांगितलं. तो नुसता सासूबाईंना चहा हवा का ते विचारत राहिला.

१४ मार्च, दुपार

बॅटरीवाली पेटी ट्रायलसाठी घरी आणली आहे. आधी सासूबाईंनी टेस्टिंग केलं. खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट जिन्यात येऊन उभे राहिले, दार उघडं ठेवा म्हणाले. मग मी माइक घेतला. त्यांना एकदम पेशंटची आठवण झाली.

निष्कर्ष: बॅटरी लवकर उतरते. चार्जिंगचा दिवा हिरवा होता, पण दिव्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. परत केली.

रियाज उद्यापासून. नक्की.

१७ मार्च

बायकोने विचारलं, या पंधरवड्यात एकदा तरी बसून गायलास का? म्हटलं, साधनाशिवाय साधना कशी होणार? ती म्हणाली, आईची मात्र चाललीय. बायकोला टेस्टिंग आणि गाणं यातला फरक कळत नाही. सासूबाई भांडी पुसत गुणगुणत होत्या. चाल माझीच. एका जागी उगाच रेंगाळल्या. मी चूक दाखवली. बरं म्हणाल्या आणि पुन्हा तिथेच रेंगाळल्या.

१९ मार्च

निर्णय झाला. कॉलम सिस्टिम. पोर्टेबल, देखणी, आवाज खोलीभर पसरवणारी. त्यासाठी स्कूटर विकली.

दुपारी लक्षात आलं, पोर्टेबल वस्तू पोर्ट करायला आता वाहन नाही. बसमध्ये कंडक्टरने चढू दिलं नाही. शेवटी सासूबाईंनी त्यांची भाजीची ट्रॉली आणली. पेटी ट्रॉलीत, कॉलम माझ्या काखेत, केबल त्यांच्या पिशवीत. अख्ख्या रस्त्याने लोक बघत होते. सवय करून घ्यायला हवी, उद्या प्रसिद्धी आल्यावर हे रोजचंच आहे.

२० मार्च

शिट्टी. तोंड उघडलं की कान किटवणारी शिट्टी. दुकानदाराला फोन करून चांगलंच झापलं. तो म्हणाला, माइकचं तोंड स्पीकरकडे आहे का? होतं. मला स्वतःला नीट ऐकू यावं म्हणून मी कॉलमकडे तोंड करून आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून गायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, कॉलम थोडा बाजूला आणि मागे ठेवा, तोंड लोकांकडे करा, आवाज बेताचा ठेवा. शिट्टी गेली. मीही तिथेच येणार होतो, त्याने घाई केली.

२४ मार्च

शनिवार चार दिवसांवर. भूक नाही. सकाळी गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकलं तर भलताच माणूस गातोय. सुराच्या आसपास घिरट्या घालणारा. प्रत्येक ओळीचा शेवट घाईघाईने गिळणारा. पुन्हा केलं. पुन्हा तोच माणूस. फोनचा माइक स्वस्त असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

मग त्याच फोनवर सासूबाईंचं केलं. ते पुसून टाकलं.

मेहुण्याचा फोन आला. दुकानात माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवलीय म्हणाला. चांगला माणूस आहे, म्हणूनच जास्त झोंबलं. मला टाइल्स विकायच्या नाहीत. मला गायचंय. लहानपणापासून एवढं एकच हवंय. हे मी कोणाशी बोललेलो नाही, इथे लिहायला हरकत नाही.

२६ मार्च

रियाज केला. पहिल्यांदाच. आवाज बसला. म्हणून रियाज वाईट.

२८ मार्च, शनिवार, दुपार

गरम पाणी, मध, मौन. आवाज सुटला.

ट्रॉली घेऊन हॉटेलात वेळेआधी पोचलो. साउंड चेक. सासूबाई माइकवर, मी टेबलाटेबलामधून फिरतोय. खिडकीपाशी ऐकलं, कॅश काउंटरपाशी ऐकलं, स्वयंपाकघराच्या दारापाशी ऐकलं. सगळीकडे सारखा आवाज. कॉलमचं हेच तर वैशिष्ट्य. वेटर काटेचमचे पुसायचे थांबले. आचारी बाहेर आला. मॅनेजर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला आवाज कसा पसरतो ते सविस्तर सांगितलं. तो मान डोलवत होता, पण बघत माइककडे होता.

सगळं जमून आलंय. आज मी जिंकणार.

२९ मार्च

काल गायलो.

सिस्टिमने काही दगा दिला नाही. शिट्टी नाही, खरखर नाही. मागच्या टेबलापर्यंत शब्द न् शब्द पोचला. तिथल्या माणसाने दुसऱ्या गाण्यालाच बिल मागितलं. मग खिडकीजवळच्यांनी. उरलेले आपसात मोठ्याने बोलू लागले. मी आवाज वाढवला, तेही वाढवत गेले.

मध्यंतरात मॅनेजर आला. तुमच्या त्या दुपारी गात होत्या त्या कुठे आहेत? म्हटलं, त्या फक्त टेस्टिंग करतात. तो म्हणाला, मग बंद होईपर्यंत टेस्टिंग चालू द्या. सासूबाई कोपऱ्यात सूप पीत बसल्या होत्या. नको म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच माइक दाखवला.

त्यांनी फक्त एक गाणं म्हटलं. बोलणं थांबलं. याहून जास्त लिहवत नाही.

३० मार्च

मॅनेजरचा फोन. शनिवार सासूबाईंना दिलाय. त्यांनी सांगितलंय, जावई हो म्हणाले तर येईन, नाहीतर नाही. म्हणजे सगळं माझ्यावर टाकून त्या मोकळ्या.

कारणं काढली. त्यांचे गुडघे. त्यांचं वय. त्यांना माइक धरायचं तंत्र येत नाही. गाणी माझी आहेत. सिस्टिम माझी आहे. एकेक कारण बायकोला सांगितलं. ती ड्यूटीच्या कपड्यांना इस्त्री करत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग सासूबाईंशीच बोलायला गेलो. त्या कपडे घड्या करत होत्या. विचारलं, आई, तुम्हाला गायचंय का? त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. म्हणाल्या, लग्नाआधी गायचे. मग घरात कोणाला आवडायचं नाही, बंद केलं. तुमच्या त्या स्पीकरच्या दुकानात किती वर्षांनी मोठ्याने गायले. तुमचा शनिवार मला नको, पण हॅलो हॅलोला नेत जा.

बाहेर येऊन जिन्यात बसलो. तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्याइतकीच तहान लागलेलं माणूस माझ्या शेजारच्या खोलीत राहत होतं आणि मी त्याला हॅलो म्हणायला लावत होतो.

मॅनेजरला फोन केला. हो म्हटलं. आवाज बसला होता म्हणून दोनदा सांगावं लागलं.

१ एप्रिल

टाइल्स. मेहुण्याने दुकानाचं नाव छापलेला शर्ट दिला. खांद्यात घट्ट होतोय. पंखा चालतो. एका गिऱ्हाइकाला बाथरूमच्या टाइल्सवर आवाज कसा घुमतो ते समजावलं. तो समोरच्या दुकानात गेला.

४ एप्रिल, शनिवार

मॅनेजरला बजावून सांगितलं की सिस्टिम नाजूक आहे, मी स्वतः असल्याशिवाय लावायची नाही. त्यामुळे मला यावंच लागलं. ट्रॉली ओढत आणली. कॉलम उभा केला, थोडा बाजूला, थोडा मागे. सासूबाई नवी साडी नेसल्या होत्या. मी माइकचा स्टँड त्यांच्या उंचीला आणून दिला आणि म्हटलं, नेहमीसारखं, फक्त हॅलो हॅलो. त्या हसल्या.

मी सगळ्यात मागच्या टेबलामागे, स्वयंपाकघराच्या दारापाशी उभा राहिलो. त्यांनी ‘पायरीशी थांब जरा’ सुरू केलं. मी त्यांची चूक काढली होती त्या जागी त्या पुन्हा रेंगाळल्या. ती जागा म्हणजे ‘थांब जरा’. इतकी वर्षं गातोय, तिथे मी कधी थांबलोच नव्हतो.

गाणं चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. माझं आहे आणि मला ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. डोळे भरून आले. तेवढ्यात वेटरने वाट द्या म्हटलं, बाजूला सरकलो.

मागच्या टेबलावरच्या बाई वळून म्हणाल्या, किती सुंदर गातात, तुम्ही यांचे कोण? जावई म्हणणार होतो. कवी म्हणणार होतो. गायक तर जिभेवरच होतं.

म्हटलं, मी साउंडचा.

त्या म्हणाल्या, मग आवाज थोडा वाढवाल का? वाढवला.