मोरव्याच्या आजींचा नंबर

आई,

आपल्या काउंटरवरचा फोन आता वाजत नाही. तू जिथे केसपेपर काढायचीस त्या दवाखान्याचं सोनोग्राफी सेंटर झालं. तुझ्या डॉक्टरांचा मुलगा ते चालवतो आणि महिन्यापूर्वी त्याने फोन घ्यायला एआय लावलंय. बाईचा आवाज आहे. मराठी, हिंदी, गुजराती, समोरचा बोलेल त्या भाषेत बोलते, नंबर देते, कितीही पिडलं तरी चिडत नाही. राग मानू नकोस, पण तुझ्यापेक्षा गोड बोलते. हे धाकटे डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर काउंटरवर एकच जण पुरेल." आम्ही दोघी. दुसरी मीरा रोडहून येते, पदरात दोन वर्षांची मुलगी. ती नवी, म्हणजे जाणार तीच, हे उघड होतं. रोज विचारायची, "ताई, खरंच जमेल का हो मशीनला?" मी म्हणायचे, "छे गं." पण जमत होतं, मला रोज दिसत होतं.

तुझ्या शेजारी बसून काम शिकत होते, तो पहिला आठवडा आठवतो. मोरवा गावातली एक बाई तापाने फणफणलेल्या नवऱ्याला घेऊन आली आहे. मी पेशंटचं नाव विचारते, ती पदर तोंडाला लावून नुसती हसते. मी खेकसते, "अहो, सांगा ना पटकन!" तू माझ्या हातातलं पेन काढून घेतेस. तिला काही विचारत नाहीस, तिच्यासोबत आलेल्या शेजारणीकडे बघून नुसती भुवई उडवतेस. शेजारीण नाव सांगते, तू लिहून घेतेस. दुपारी डबा उघडताना मात्र मला चांगलंच झापलंस. "नवऱ्याचं नाव नाही घेत त्या. तुला पटो न पटो. आजारी माणसाच्या बायकोला इथे लाजवायचं नाही." मी फुगून बसले, तर तुझ्या डब्यातला सगळा जवळा माझ्या झाकणात वाढलास. किती आवडायचीस तू मला तेव्हा, आणि मी एकदाही बोलले नाही.

गेल्या बुधवारी मोरव्याच्याच एक आजी आल्या, सोबत आजोबा. सोनोग्राफी आजोबांची. त्यांना ऐकू येत नाही म्हणून फोन आजींनी केलेला. मशीनने गोड आवाजात पेशंटचं नाव विचारलं, आजींनी स्वतःचं सांगून टाकलं. आजोबा तपासणीसाठी सकाळपासून उपाशी आणि माझ्या यादीत नाव आजींचं.

"त्यांचा नाव मी कसा घेऊ गो बाय?" आजी म्हणाल्या.

"नंबर तुमच्या नावावर आहे, आजी. आजोबांसाठी परत फोन करावा लागेल."

दोघं हात धरून पायऱ्या उतरले. मी थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, बघा तुमच्या मशीनने काय केलं. त्यांनी यादी स्वतः पाहिली. दुसऱ्या दिवशी मीच रिक्षा करून मोरव्याला गेले आणि दोघांना घेऊन आले. आजींनी डॉक्टरांसमोर माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "गुनाची पोर हाय!" पन्नाशीची पोर! डॉक्टर म्हणाले, "मशीन काय रिक्षाने जाणार होतं? राहू दे, दोघीही राहा." मीरा रोडची ती माझ्या गळ्यात पडून रडली.

मशीन माणसाची जागा घेईल का, असं कुणी विचारलं की हल्ली मी ही गोष्ट रंगवून सांगते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगून झाली. तुझ्या फोटोसमोर मात्र तोंड उघडत नाही, म्हणून हे लिहितेय, आणि हेही तिथे वाचणार नाही.

यादीतलं नाव बदलायला मिनिटही लागत नाही, आई. आजी बोलल्या तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मशीन चुकतं हे डॉक्टरांना दिसावं म्हणून मी त्या उपाशी म्हाताऱ्याला परत पाठवलं.